मेट्रोपोलिस, मोगॅम्बो आणि बेळगुंदीची सून

सिनेमात ज्या यंत्रमानवाचं नाव सगळ्यात आधी गाजलं, त्याला घडवल्याबरोबर लावलेलं काम ओझी उचलण्याचं नव्हतं. ते हेरगिरीचं होतं, आणि तेही घरभेद्याचं. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा झळकला. वर उंच मनोऱ्यांचं शहर, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले कामगार. शहराचा धनी यो फ्रेडरसन. कामगारांच्या खिशांत कसले तरी नकाशे सापडतात, ते कशाचे हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तो रोटवांग नावाच्या संशोधकाला गाठतो. दोघं भिंतीच्या फटीतून कामगारांची गुप्त सभा पाहतात. मारिया नावाची तरुणी त्यांना धीर धरायला सांगत असते. फ्रेडरसनचा हुकूम सुटतो: तुझ्या यंत्राला या पोरीचा चेहरा दे आणि सोड त्यांच्यात, त्यांचा तिच्यावरचा विश्वास उडाला पाहिजे.

मराठवाड्यातल्या केजमध्ये कॉलेजातल्या चार-पाच पोरांना मी हा भाग मोबाइलवर दाखवला. फोन तांब्याला टेकवलेला, पोरं सतरंजीवर. आवाज नाही, रंग नाही, पाट्या परभाषेत, त्यामुळे पाच मिनिटांत उठतील असं वाटलं होतं. उठली नाहीत. खोटी मारिया डोळा बारीक करून हसते तिथे एकजण म्हणाला, “काका, ही रोबोट काम तर काहीच करीना. नुस्त्या काड्या करायलीय.” दुसरा म्हणाला, “त्याला मशीन कशाला लागतंय, आमच्या गल्लीत चला, दाखवतो.” हसणं थांबल्यावर पहिल्याने विचारलं, “म्हणजे टर्मिनेटर इथून काढलाय का?”

प्रश्न बरोबर जागी लागला होता. मोठ्या विज्ञानपटांनी जुन्या हेरपटांतून काय काय उचललं, याची यादी हौसेने केली जाते. खलनायकाचा बेटावरचा अड्डा, चोरीला गेलेला आराखडा, घड्याळात लपवलेलं हत्यार, शेवटच्या सेकंदाला थांबणारा स्फोट. यादी खरी आहे. पण ‘उचललं’ म्हणताना दोन परकी घरं गृहीत धरली जातात, आणि माझं म्हणणं असं की घर सुरुवातीला एकच होतं. अगदी शब्दशः. ‘मेट्रोपोलिस’, त्याच्या पुढच्या वर्षीचा हेरपट ‘श्पिओने’ आणि १९२९चा ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे चंद्रावरच्या बाईची गोष्ट, हे तिन्ही चित्रपट लांगने केले आणि तिन्हींचं लेखन त्याच्या बायकोचं, थिया फॉन हार्बू यांचं. या थियाबाई पुढे एका मराठी माणसाशी लग्न करून बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या सूनबाई झाल्या. त्याकडे येतोच. आधी एका सडपातळ माणसाबद्दल.

‘मेट्रोपोलिस’मध्ये फ्रेडरसन आपल्या मुलाच्या मागावर एक माणूस लावतो. त्याला नाव नाही, नुसता ‘सडपातळ’ म्हणून तो ओळखला जातो. फ्रिट्झ रास्प या नटाने ही भूमिका केली. पातळ ओठ, चापून बसवलेले केस, चेहऱ्यावर रेषही न हलवता समोरच्याला घाम फोडणारा. गंमत अशी की जवळजवळ ८० वर्षं प्रेक्षकांना हा माणूस नीट दिसलाच नाही. पहिल्या प्रदर्शनानंतर चित्रपट लांब, गोंधळाचा म्हणून कापला गेला. तो काढणाऱ्या युफा कंपनीला त्याच्या खर्चाने जेरीस आणलं होतं, वसुली होईना. अमेरिकेत दाखवताना कथाच बदलली. कात्री लागली ती प्रामुख्याने या पाठलागाच्या धाग्याला. यंत्रं, मनोरे, पूर, चांदीसारखी चमकणारी यंत्रबाई एवढं राहिलं, आणि ‘मेट्रोपोलिस’ म्हणजे भव्य दृश्यांचा पण विस्कळीत कथेचा विज्ञानपट, असं मत कायमचं चिकटलं.

मग २००८ मध्ये अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात, १६ मिलिमीटरवरची एक प्रत सापडली. ओरखड्यांनी भरलेली, पण जवळजवळ पूर्ण. तिच्यातून सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग मिळाला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सांधलेला चित्रपट पुन्हा बर्लिनमध्ये दाखवला गेला. आता तो पाहताना परत आलेले तुकडे लगेच ओळखू येतात, कारण त्यांच्यावर पावसासारख्या रेघा आहेत. आणि त्या रेघांमागे कोण आहे? तो सडपातळ. फ्रेडरसनच्या कचेरीतून बडतर्फ झालेल्या जोसाफाटच्या घरात तो शिरतो. आधी पैसे दाखवतो, मग धमकावतो. ११८११ क्रमांकाच्या कामगाराची टोपी त्या घरात त्याच्या हाती लागते आणि सगळा डाव त्याच्या लक्षात येतो. हे सगळं हेरपटाचं व्याकरण आहे. ते कापल्यावर विज्ञानपट लंगडा झाला आणि जोडल्यावर चालू लागला. माझ्या मते या विषयावर यापेक्षा बोलका पुरावा दुसरा नाही.

रास्प पुढच्या वर्षी ‘श्पिओने’त पुन्हा दिसतो, गुपितं विकणारा कर्नल म्हणून. पण तिथला खरा मासा हागी. बाहेरून तो बँकेचा मालक, चाकांच्या खुर्चीत जखडलेला, आत जगभरच्या हेरांचं जाळं चालवणारा. त्याच्याविरुद्ध सरकारचा हेर, ज्याला नाव नसून क्रमांक आहे: ३२६. हो, शून्य शून्य सातच्या कितीतरी आधी. गबाळ्या भटक्याच्या वेषात तो वरिष्ठासमोर येतो तेव्हाही शत्रूचा छुपा कॅमेरा त्याचा फोटो काढत असतो. त्याला जाळ्यात ओढायला पाठवलेली सोन्या त्याच्याच प्रेमात पडते. तहाचा मसुदा देशाबाहेर न्यायचा असतो, त्यासाठी जपानी अधिकारी तीन माणसांकडे तीन लखोटे देतो. हागीची माणसं तिघांना गाठून लखोटे फोडतात तर आत नुसती वर्तमानपत्रं. रेल्वेचा अपघात घडवला जातो. शेवटी हागी विदूषकाच्या वेषात रंगमंचावर सापडतो, स्वतःवर गोळी झाडतो आणि प्रेक्षकांना वाटतं हाही खेळाचाच भाग. ते टाळ्या वाजवतात.

हागी झालेला नट रुडोल्फ क्लाइन-रोगं. ‘मेट्रोपोलिस’मधला रोटवांग तोच. त्याआधी १९२२ मध्ये माणसांना संमोहित करून शेअर बाजार नाचवणारा डॉक्टर माबुझंही तोच. वेडा शास्त्रज्ञ आणि पडद्याआडचा सूत्रधार, पुढच्या शंभर वर्षांतले हे दोन ठरीव खलनायक, एकाच चेहऱ्याचे. आणि हा क्लाइन-रोगं म्हणजे थियाबाईंचा पहिला नवरा. पहिल्या नवऱ्यासाठी बाईंनी खलनायक लिहायचे आणि दुसऱ्याने त्याला दिग्दर्शन करायचं. दिवाळी अंकाच्या संपादकाने अशी कथा साभार परत केली असती, पण ही घडलेली आहे.

तिसऱ्या चित्रपटात दोन्ही धागे उघडच एकत्र विणले आहेत. चंद्रावर सोनं आहे असं एका प्राध्यापकाचं म्हणणं, हेलिउस नावाचा उद्योजक अग्निबाण बांधतो आहे आणि जगाचं सोनं मुठीत ठेवणाऱ्या पाच धनाढ्यांनी त्याच्यावर हेर सोडलाय. हेर कोण? पुन्हा फ्रिट्झ रास्प. तो आराखडे चोरतो, हेलिउसला कोंडीत पकडतो आणि स्वतः यानात जागा मिळवतो. हेरमान ओबर्थ हा अग्निबाणांचा अभ्यासक या चित्रपटाचा सल्लागार होता. उड्डाणाआधी आकडे उलटे मोजायची पद्धत इथेच पडद्यावर रूढ झाली. पुढे जर्मनीत खरे अग्निबाण गुप्तपणे बनू लागले तेव्हा नाझी सरकारने हा चित्रपट दाखवणं बंद केलं, त्याच्यासाठी केलेली यानाची मॉडेलं जप्त केली. गुपित फुटेल म्हणून. हेरपटाचा धागा असलेला विज्ञानपट खऱ्या हेरखात्याच्या डोळ्यांवर आला. ऑक्टोबर १९४२ मध्ये पेनेम्युंडेहून यशस्वीपणे उडालेल्या व्ही-२ अग्निबाणावर तिथल्या लोकांनी याच चित्रपटाचं चित्र रंगवलं होतं.

आता बेळगुंदी. आयी तेंडुलकर हे शिक्षणासाठी युरोपात गेलेले, बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारे गृहस्थ. थियाबाईंशी त्यांची गाठ पडली तेव्हा लांगबरोबरचा संसार मोडत आला होता. १९३३ मध्ये तो कायद्याने मोडला. लांग देश सोडून गेला. थियाबाई राहिल्या, नाझी पक्षात गेल्या, त्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिल्या. हे लपवण्यात अर्थ नाही आणि त्याला मराठी सासर असल्याने सूट मिळत नाही. तेंडुलकरांशी त्यांनी लग्न केलं ते मात्र गुपचूप, कारण त्या जर्मनीत नामवंत बाईने हिंदी माणसाशी उघड लग्न करणं शक्य नव्हतं. हेरपट लिहिणारीच्या घरात हे असं. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले. युद्धकाळात ब्रिटिशांनी त्यांना तुरुंगात टाकलं आणि युद्ध संपल्यावर जर्मनीत थियाबाईंनाही ब्रिटिशांच्याच छावणीत काही महिने काढावे लागले. तेंडुलकरांनी पुढे इंदुमती गुणाजी यांच्याशी लग्न केलं, गांधीजींनी घातलेल्या अटी मान्य करून, १९४५ मध्ये सेवाग्रामला. त्यांची मुलगी लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी या तिघांच्या आयुष्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते २०१३ मध्ये आलं. थियाबाई १९५४ मध्ये बर्लिनमध्ये वारल्या. लांगबरोबर केलेल्या एका जुन्या मूकपटाच्या खेळाला त्यांना मानाने बोलावलं होतं, तिथून बाहेर पडताना त्या पडल्या, त्यातून उठल्या नाहीत.

तेंडुलकर भेटायच्या आधीच हे तिन्ही चित्रपट होऊन गेले होते. तेव्हा ‘टर्मिनेटरचं मूळ बेळगावात’ असले फॉरवर्ड कृपया कुणी करू नयेत. आपल्याकडे छाती फुगायला वेळ लागत नाही.

बर्लिनचा हा माल केजपर्यंत पोचला कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मधला दुवा केन अ‍ॅडम. जन्म १९२१, बर्लिन, नाव क्लाउस. ज्यू कुटुंब नाझींच्या धाकाने १९३४ मध्ये इंग्लंडला गेलं. लहानपणी पाहिलेल्या जर्मन मूकपटांच्या तिरक्या भिंती आणि अवाढव्य सावल्या त्याच्या डोक्यातून गेल्या नाहीत. १९६२च्या ‘डॉक्टर नो’पासून तो बाँडपटांचे सेट रचू लागला. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी (१९६७) त्याने ज्वालामुखीच्या पोटातला अड्डा उभारला, आत रेल्वे, वर सरकतं छप्पर, मध्ये अग्निबाण. तो अड्डा म्हणजे ‘मेट्रोपोलिस’चं तळघरच, फक्त कामगारांना एका रंगाचे गणवेश मिळाले. डॉक्टर नो तरी कोण? अमेरिकेचे अग्निबाण रेडिओलहरींनी भरकटवणारा शास्त्रज्ञ, हात गमावून धातूचे बसवलेला. रोटवांगनेही यंत्र घडवताना उजवा हात गमावलेला असतो आणि त्यावर काळा हातमोजा असतो. तोच काळा हातमोजा १९८३ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या तिसऱ्या भागात ल्यूक स्कायवॉकरच्या उजव्या हातावर आहे. पाहा एकदा.

आपल्या तंबूपर्यंत हे सगळं हिंदीच्या मार्गाने आलं. मराठवाड्यात यात्रेला टुरिंग टॉकीज यायच्या. तंबूत बाया एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला, उशिरा आलेला पडद्याच्या मागे, त्यामुळे त्याला नावं उलटी आणि नायक डावखुरा दिसायचा. रीळ बदलेपर्यंत जनरेटरची धडधड ऐकत बसायचं. नवीन चित्रपट यायला वर्षं लागायची, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. जितेंद्रचा एजंट ११६ असलेला ‘फर्ज’ (१९६७) रविकांत नगाइच यांचा. तो तेलुगू ‘गूढचारी ११६’वरून आलेला, आणि तो बाँडवरून. त्याच नगाइच यांनी पुढे मिथुनला घेऊन ‘सुरक्षा’ (१९७९) आणि ‘वारदात’ (१९८१) काढले. ‘वारदात’मध्ये खलनायकाने पिकांवर टोळधाड सोडलेली असते आणि गनमास्टर जी-नाइन तिचा छडा लावायला निघतो. लंडनच्या प्रेक्षकाला यात विनोद दिसेल. ज्वारी-तुरीवर पोट असलेल्या तालुक्यात तो हसण्याचा विषय नव्हता. जगाला धोका म्हणजे काय, याचं बाँडपेक्षा नगाइच यांचं उत्तर आम्हाला जवळचं होतं.

‘शान’मधला (१९८०) शाकाल हा टक्कल, बेट, फिरतं टेबल यांसकट बाँडपटांतल्या ब्लोफेल्डचा भाऊ. लिहिणारे सलीम-जावेद. त्याच जोडीने ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) लिहिला आणि तिथे पुन्हा जुना संयोग जुळून आला. अदृश्य होण्याचं सूत्र शोधणारा शास्त्रज्ञ, ते मनगटावर बांधून हिंडणारा नायक हे विज्ञानपटाचं; अड्डा, तेजाबाचा हौद, क्षेपणास्त्रं आणि सलामी ठोकणारे सेवक हे हेरपटाचं. गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर कॅसेटी लावायचे, त्यात हा पाहिलेला. लाल उजेडात अदृश्य माणूस दिसतो हे कळल्यावर गोळ्या-चॉकलेटांचे लाल जिलेटीन कागद डोळ्यांना लावून आम्ही पोरं गल्लीत फिरलो. मोगॅम्बो झालेले अमरीश पुरी तीनच वर्षं आधी स्पीलबर्गच्या ‘टेंपल ऑफ डूम’मध्ये खलनायक होते. आणि ती इंडियाना जोन्स मालिका जन्मली कशी? स्पीलबर्गला बाँडपट करायचा होता, तेव्हा जॉर्ज लुकास म्हणाला, माझ्याकडे त्याहून बरं काहीतरी आहे.

लुकासचा ‘स्टार वॉर्स’ (१९७७) तर सरळ हेरपट आहे, तलवारी आणि यानं वरून चढवलेली. शत्रूच्या महाकाय अड्ड्याचे आराखडे चोरीला गेलेत, ते एका छोट्या यंत्रात लपवून पळवले जातात. १९३५ मध्ये हिचकॉकच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये विमानाच्या इंजिनाचं गुपित एका पाठांतरबहाद्दर माणसाच्या डोक्यात लपवलं होतं, लुकासने माणसाच्या जागी यंत्र आणलं. त्या निरोप्या यंत्राच्या सोबत्याची, सोनेरी सी-थ्रीपीओची पहिली रेखाटनं पाहिलीत तर ती खोट्या मारियाचीच बहीण वाटते. चित्रकार राल्फ मॅक्वारीने ‘मेट्रोपोलिस’ समोर ठेवूनच ती केली होती. देणंघेणं उलटंही चाललं. १९७७च्या बाँडपटाच्या शेवटी पुढच्या चित्रपटाचं नाव म्हणून ‘फॉर युवर आइज ओन्ली’ जाहीर केलं होतं, पण ‘स्टार वॉर्स’चा गल्ला पाहून निर्मात्यांनी ते मागे ठेवलं आणि १९७९ मध्ये बाँडला ‘मूनरेकर’मध्ये अंतराळात धाडलं. मला तो बाँडपटांतला सगळ्यात केविलवाणा वाटतो. हेराला गर्दी लागते, कुणाच्या तरी नजरेआड व्हायला जागा लागते. अंतराळात तो लपणार कुठे?

विज्ञानपटाला हेराची गरज का पडते, याचं उत्तरही त्यातच आहे. नवं जग उभं करायचं म्हणजे ते समजावून सांगायची पंचाईत. पात्रांना सगळं माहीत, प्रेक्षकाला काहीच नाही. हेर हा त्या जगात परका असतो, त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. मोहिमेवर निघण्याआधी साहेब त्याला बसवून माहिती देतो, ती आपल्यालाही मिळते. कुणाला हे विश्व कळो न कळो, एक वस्तू चोरायची आहे आणि वेळ थोडा आहे, एवढं तंबूत पडद्यामागे बसलेल्यालाही कळतं. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडावर वाढलेल्या मराठी वाचकाला तर हे शिकवायलाच नको.

दुसरं कारण भीतीचं. राक्षस दारात उभा राहिला तर माणूस पळतो. पण आपल्यातलाच एक आपला नाही, ही भीती पळूनही सुटत नाही. १९८४च्या ‘टर्मिनेटर’मध्ये भविष्यातले सैनिक भुयाराच्या दाराशी कुत्री बांधतात. आत येणारा माणूस की यंत्र, हे माणसांना ओळखता येत नाही, कुत्र्यांना येतं. स्फोटांपेक्षा ती कुत्री माझ्या जास्त लक्षात आहेत. फ्रेडरसनने दिलेला हुकूमच तिथे पाळला जातोय: चेहरा दे आणि सोड त्यांच्यात.

अलीकडे काही दिग्दर्शक हे देणं उघड मान्य करतात. ‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’मध्ये (२०१४) हेरखात्याचा मोठा साहेब म्हणून रॉबर्ट रेडफर्डला घेतलं, ज्याने १९७५च्या ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर’मध्ये आपल्याच खात्यापासून जीव वाचवत पळणारा माणूस केला होता. पळणाराच तिथे पळवणारा झाला. ‘रोग वन’च्या (२०१६) सुरुवातीला नायक आपल्याच जखमी खबऱ्याला गोळी घालतो, तो पकडला जाऊ नये म्हणून, ‘स्टार वॉर्स’मध्ये इतका थंडपणा आधी नव्हता. नोलनने ‘इन्सेप्शन’मधला बर्फातला किल्ला आपल्या आवडत्या बाँडपटावरून घेतल्याचं सांगितलंय. त्याच्या ‘टेनेट’चं चित्रीकरण सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झालं. त्यात नायक दोरीच्या झेपेने एका इमारतीत शिरतो, शस्त्रांच्या व्यापाऱ्याला पकडायला, आणि कळतं की नवरा नुसता दाखवायला, धंदा चालवते ती बायको. डिंपल कपाडियाने ती प्रिया फार सहज केली आहे, चहा ओतावा तशी. बँकेमागे बसलेल्या हागीचीच ही जात. काळ उलटा वाहण्याचं शास्त्र मला दोनदा पाहूनही पुरतं कळलं नाही, पण ती समोर बसून बोलते तेव्हा कोण कुणाला फसवतंय हे बरोबर कळतं. चित्रपट त्यावरच तरतो.

ज्यांना मुळातून पाहायचंय त्यांच्यासाठी: हे तिन्ही मूकपट आता अमेरिकेत हक्कमुक्त आहेत, १९२७चा २०२३ पासून आणि पुढचे दोन ओळीने पुढच्या दोन वर्षांत, त्यामुळे मिळायला अवघड नाहीत. ‘मेट्रोपोलिस’ २०१०ची सांधलेली प्रतच पाहा, दुसरी नको, तिच्यात सडपातळ नीट दिसत नाही. ‘श्पिओने’ रात्री लावू नका, अर्धवट सोडवणार नाही. ‘फ्राउ इम मोंड’ मात्र फार रेंगाळतो. पोरांना दाखवायचा असेल तर चोरीपासून सुरू करा आणि चंद्रावर उतरल्यावर प्रेमाचा त्रिकोण सुरू झाला की चहा ठेवायला उठा.